कानामागून आलेलं चित्र

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात एका मुलीनं आणि तिच्या जोडीच्या मुलानं 'शुक्रतारा मंद वारा' म्हटलं. मुलीचा आवाज कोवळा, मुलगा जरा बिचकत होता, पण सूर लागला होता. पहिलं कडवं संपतंय तोच मागच्या एलईडी पडद्यावर समुद्र अवतरला. सूर्य मावळतोय आणि एक गोरं जोडपं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अनवाणी, वाळूवरून चाललंय. शेजारी माझी मावशी बसली होती, वय ८२. तिनं चष्मा वर सारला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "अगं, हे कोण?"

"कुणी नाही गं, असंच."

"असंच म्हणजे? हे या गाण्यात कधी होते?"

नव्हते. या गाण्यात कुणीच कधी नव्हतं, हीच तर त्याची गंमत. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. सिनेमातलं गाणं नाही, म्हणून त्याला नायक नाही, नायिका नाही, बाग नाही की झाडाचं खोड नाही. साठेक वर्षं लोकांनी ते नुसतं ऐकलं. त्यात अरुण दाते आमच्याच गावचे, १९३४ साली इंदुरात जन्मलेले, रामूभैया दात्यांचे चिरंजीव. म्हणजे गाण्याचा निम्मा आवाज आमचा, आणि आमच्याच मांडवात त्याच्या अंगावर कुठल्या तरी परक्या किनाऱ्याची चादर टाकलेली. आम्हाला समुद्र बघायचा तर मुंबईच्या अवंतिका एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते!

ते जोडपं तिन्ही कडवी चालत राहिलं. टाळ्या पडल्या. पण घरी येताना गाण्याबद्दल कुणी बोललं नाही. "स्क्रीन मस्त होती" एवढंच दोन-तीन ठिकाणी कानावर आलं.

मी कार्यकारिणीत आहे, त्यामुळे पुढच्या बैठकीत विषय काढला, आणि चहा निवेपर्यंत भांडण झालं. हा लेख त्या भांडणाचा उरलेला भाग आहे. तिथं मला धड बोलू दिलं नाही आणि मलाही धड बोलता आलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चित्र दिसलं की गाणं बदलतं, आणि एकदा बदललेलं गाणं सहसा परत मिळत नाही. म्हणून गाण्याला चित्र लावणं ही सजावटीची बाब समजू नये. ज्यानं ते गाणं आधी नीट ऐकलं आहे त्यानं खुशाल लावावं. न ऐकता चिकटवलेलं चित्र हे अतिक्रमण आहे, मग ते रीमिक्सवाल्यांनी केलेलं असो की आमच्या मंडळानं.

बैठकीत एक जण म्हणाले, "ताई, ज्याला ऐकायचं त्यानं डोळे मिटावेत. कान थोडेच कुणी बंद केलेत?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण कान आणि डोळे शेजारी राहणारे दोन भाडेकरू नाहीत. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज 'बा' असा लावायचा आणि पडद्यावर 'गा' म्हणणारे ओठ दाखवायचे. बघणाऱ्याला बहुतेक वेळा 'दा' ऐकू येतं. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. युक्ती ठाऊक असली तरी फसगत टळत नाही. म्हणजे डोळा कानाच्या कामात लुडबुड करतो आणि कानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त बोचतो. २०१३ साली चिया-जुंग त्साय या संशोधिकेनं लोकांना अभिजात संगीताच्या स्पर्धांचे छोटे तुकडे दिले. काहींना नुसता आवाज, काहींना नुसतं चित्र, काहींना दोन्ही. यातला विजेता ओळखा म्हटलं. नुसतं मुकं चित्र बघणाऱ्यांनी विजेते जास्त नेमके ओळखले. यात पेशानं संगीतकार असलेलेही होते, आणि त्यांनाही आधी वाटत होतं की आपण आवाजावरच निवाडा करतो.

हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. आम्हा इंदूरकरांची एक जुनी, अगदी घरगुती तक्रार आहे. १९५२ च्या 'बैजू बावरा'त तानसेन आणि बैजू यांचा सामना आहे, राग देसी, संगीत नौशाद यांचं. तानसेनासाठी गायले आमच्या इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुस्कर. पडद्यावर सुरेंद्र आणि भारत भूषण. गोष्ट ठरलेली असल्यामुळे बैजू जिंकतो, त्याच्या गाण्यानं संगमरवर पाझरतो आणि तानसेन हरतो. म्हणजे आमचे खाँसाहेब हरतात! टीव्हीवर हा सिनेमा लागला आणि ती जागा जवळ आली की वडील उठून पाणी प्यायला जायचे. तीच रेकॉर्ड मात्र बसून ऐकायचे, मांडीवर बोटांनी मात्रा धरून. एकदा मला म्हणाले, "यात कोण कुठं हरलंय ते दाखव बरं."

मला दाखवता येत होतं, ही पंचाईत. कारण मी आधी सिनेमा पाहिला होता. तानसेनाच्या तानांत मला घमेंड ऐकू यायची आणि बैजूच्या तानांत भक्ती. चांगली तीस वर्षं मी ते तसंच ऐकत आले. मग एकदा प्रवासात, डोळ्यांवर ओढणी घेऊन, अर्धवट झोपेत ते कानात वाजलं तेव्हा लक्षात आलं की घमेंड आवाजात नव्हतीच, ती पटकथेत होती. दोन मोठे गवई शेजारी शेजारी गात होते, एकमेकांना जागा देत होते, एकाच्या सुरावर दुसरा पाऊल ठेवत होता. सामना आम्हाला दाखवला गेला होता. कानानं पाहिलं असतं तर तिथं मैफल होती.

पलुस्कर १९५५ साली, ऐन तारुण्यात गेले. अमीर खाँ १९७४ साली अपघातात गेले. त्या दोघांतला निकाल मात्र भारत भूषण यांच्या चेहऱ्यावर कायमचा लिहिलेला राहिला.

आता उलटी बाजू सांगायलाच हवी, नाही तर आमच्या चिटणिसांचा आरोप खरा ठरेल की मला पडदाच नको आहे.

'वक्त ने किया' हे गाणं मला लहानपणी अजिबात आवडत नसे. विविध भारतीवर लागलं की आई हातातलं काम थांबवायची आणि मी वैतागायची. संथ, रडकं, पुढं सरकतच नाही असं वाटायचं. पुढं दूरदर्शनवर 'कागज के फूल' पाहिला. १९५९ चा सिनेमा, तेव्हा पडलेला. त्यात हे गाणं येतं ते एका रिकाम्या स्टुडिओत. गुरुदत्त एका बाजूला, वहिदा दुसऱ्या बाजूला, आणि वरून तिरपा उतरलेला उन्हाचा एक जाड झोत. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून खरं ऊन आत आणलं होतं. ती दोघं जागची हलत नाहीत. त्यांच्या फिकट सावल्या अंगातून निघून एकमेकांकडे चालत जातात.

बस, एवढंच. कैफी आझमींच्या शब्दांत काळ आहे, नियती आहे, बदललेली दोन माणसं आहेत, पण मूर्तींनी आणि गुरुदत्तांनी त्यातलं काहीएक 'दाखवलं' नाही. घड्याळ नाही, गळणारी पानं नाहीत. त्यांनी गीता दत्तच्या दोन ओळींमधली शांतता पकडली आणि तिला जागा दिली. मी ज्याला रडकं म्हणत होते ते दोन माणसांमधलं अंतर होतं, आणि ते अंतर मला डोळ्यांनी दिसेपर्यंत कानाला समजलंच नव्हतं. आज ते गाणं रेडिओवर लागलं तरी मला उन्हात तरंगणारे धुळीचे कण दिसतात. माझं मत चित्रानंच बदललं. त्याची मी ऋणी आहे. आईची माफी मागायची राहून गेली.

असाच एक किस्सा साता समुद्रापलीकडचा आहे, आणि त्यात मत बदलणारा माणूस खुद्द गाण्याचा बाप आहे. 'हर्ट' हे ट्रेंट रेझ्नर या तरुणाचं, त्याच्या 'नाइन इंच नेल्स' या बँडचं १९९४ चं गाणं. २००२ मध्ये ते जॉनी कॅश या सत्तर वर्षांच्या अमेरिकी गायकानं म्हटलं. रेझ्नरनं पुढं सांगितलं की नुसतं ऐकलं तेव्हा त्याला परक्यासारखं, चमत्कारिक वाटलं होतं. मग मार्क रोमानेकनं केलेला व्हिडिओ त्यानं पाहिला. थरथरत्या हाताचा म्हातारा कॅश, त्याच्या नावाचं बंद पडलेलं संग्रहालय, मधेच त्याच्या तरुणपणाची जुनी फिल्म, आणि जिन्यावरून त्याच्याकडे पाहणारी त्याची बायको जून. व्हिडिओ पाहून रेझ्नर म्हणाला, हे गाणं आता माझं राहिलं नाही. हे कुरकुरीनं म्हटलेलं नव्हतं, तो हेलावून गेला होता. २००३ च्या मे महिन्यात जून गेली, सप्टेंबरात कॅश. तो व्हिडिओ आता निरोपासारखा दिसतो, आणि मूळ गाणं ऐकतानाही तरुण रेझ्नरच्या आवाजाआड तो म्हातारा उभा राहतो.

म्हणजे चित्र गाणं हिसकावूनही घेतं आणि देतंही. प्रश्न उरतो तो हेतूचा आणि मेहनतीचा. मूर्ती आणि रोमानेक यांनी गाणं शंभरदा ऐकलं असणार. आमच्या स्क्रीनवाल्या मुलानं 'रोमँटिक बीच' असं टाइप केलं असणार. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या यादीत बावीस गाणी होती, संध्याकाळी सहाला यादी हातात पडली आणि साडेसातला पडदा उघडला. त्यानं भक्तिगीताला समई आणि धबधबा, देशभक्तीला झेंडा, प्रेमाला समुद्र अशी सोय करून ठेवली आहे. लावणी आली असती तर काय लावलं असतं, विचारायची हिंमत झाली नाही.

या सोयीचा कडेलोट मी परवा मोबाइलवर पाहिला. कुमार गंधर्वांचं 'उड जाएगा हंस अकेला' कुणीतरी नव्यानं चढवलं होतं आणि त्यावर संगणकानं बनवलेला पांढरा हंस, गुलाबी आकाश, मधेच कमळं. निर्गुणाला हंस! ज्याला रूप नाही, गुण नाही, त्याचं भजन, आणि हंस हा तिथं जीव आहे, पक्षी नव्हे. कुमारजी १९४८ साली क्षयानं खंगलेल्या अवस्थेत देवासला आले. इंदूरहून तासाभराची वाट. काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस निकामी. टेकडीखालच्या त्या घरात अंथरुणावर पडून त्यांनी दारावरून जाणाऱ्यांची, बायाबापड्यांची गाणी ऐकली. माळव्याची लोकगीतं आणि पुढं नाथपंथी निर्गुणी भजनं त्यांच्या गाण्यात उतरली ती अशी कानांच्या वाटेनं. त्या स्वराच्या फेकीत जो एकाकीपणा आहे तो रिकाम्या आकाशाचा आहे. तिथं पक्षी काढला की आकाश भरून जातं. मी तो व्हिडिओ बंद केला, पण उशीर झाला होता. दोन दिवस कुमारजी ऐकताना ते गुलाबी पंख फडफडत होते.

रीमिक्सबद्दल माझं मत मात्र पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही, हेही कबूल करते. २००२ मध्ये 'कांटा लगा'चा व्हिडिओ आला तेव्हा मी पस्तिशीत होते आणि रागानं लाल झाले होते. लताबाई आमच्या, २८ सप्टेंबर १९२९ ला इथल्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या. त्यांचं १९७२ च्या 'समाधी'तलं, राहुलदेव बर्मन यांनी बांधलेलं गाणं, आणि त्याचं हे काय करून ठेवलं! घरोघरी हेच बोलणं होतं. सगळी शिवीगाळ विशीच्या उंबरठ्यावरच्या त्या नाचणाऱ्या मुलीच्या वाट्याला आली. पडद्यामागे बसून पैसे मोजणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

आज वाटतं, आमच्या रागात थोडी लबाडी होती. मूळ गाणं काय ओवी आहे का? बंगल्याच्या मागं, बोरीच्या झाडाखाली काटा रुतलाय, अशी तक्रार आहे ती. लताबाईंच्या आवाजात होतं म्हणून आम्ही ते सोज्वळ समजून पोळ्या लाटताना गुणगुणत होतो. व्हिडिओनं ते झाकण उघडलं आणि आतलं दिसल्यावर आम्हाला लाज वाटली. पण या कबुलीनंतरही तो व्हिडिओ मला वाईटच वाटतो, आता वेगळ्या कारणानं. काटा नेमका कुठं रुतला हे न सांगण्यातच तर गाणं होतं. सांगून टाकलं की उरलं काय, ढोल!

कायद्याचं बळ त्या काळी रीमिक्सवाल्यांच्या बाजूला होतं. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन कुणालाही त्या गाण्याची आपली आवृत्ती काढायची मुभा होती. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं ही मुदत पाच वर्षांची केली आणि मूळ कृतीत फेरफार करण्यावर बंधनं आणली. त्याच दुरुस्तीनं, कलम ३८-ब मध्ये, गायक-वादकांनाही आपल्या सादरीकरणाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा हक्क मिळाला. चांगली गोष्ट आहे. पण आवाजाला हातही न लावता, नुसतं मागं चित्र टाकून केलेली मोडतोड कुणाच्या डोळ्यांत खुपते? आमच्या मांडवात त्या संध्याकाळी एकही सूर कुणी बदलला नव्हता.

इथवर माझा युक्तिवाद बरा चालला होता. तो अडतो 'सैराट'पाशी, जातीबाहेर प्रेम करणाऱ्या आर्ची-परश्याच्या सिनेमापाशी.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला गेले होते. वरात मंगल कार्यालयाच्या फाटकाशी आली आणि बँडनं 'झिंगाट' धरलं. इंदूरच्या वरातीत आता हे ठरलेलंच आहे. मराठी असो, माळवी असो, सिंधी असो, अजय-अतुल यांच्या या गाण्याशिवाय घोडी पुढं सरकत नाही. सगळे नाचत होते. मधोमध नवरीचे काका नाचत होते, फेटा सुटलेला, दोन्ही हात वर. या गृहस्थांनी आपल्या दुसऱ्या एका सख्ख्या पुतणीशी सात वर्षं बोलणं टाकलं आहे. तिनं दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून. त्या लग्नात तिला बोलावणंही नव्हतं.

ज्यांनी २०१६ साली तो सिनेमा थिएटरात पाहिला त्यांना शेवट सांगायची गरज नाही. नागराज मंजुळे यांनी त्या शेवटी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल आम्ही घरी परतताना चकार शब्द बोलू शकलो नव्हतो. त्यांनी आवाज काढून घेतला. दोन-अडीच तास ज्या सिनेमानं आपल्याला गाण्यांवर डोलवलं, तो शेवटच्या मिनिटांत मुका होतो. लहान मूल चालत येतं, त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात, आणि कानात काहीच नाही. त्यानंतर आर्ची-परश्याचं कुठलंही गाणं पुन्हा लावून बघा. विहीर, ऊस, ट्रॅक्टर, तेच सगळं, पण प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यामागं ते मुकेपण उभं असतं. मी 'झिंगाट'वर कधी नाचू शकले नाही ते यामुळे.

आणि ते काका नाचू शकतात, कारण त्यांच्यापर्यंत फक्त आवाज पोचला आहे. चित्र मागं राहिलं. इथं नुसतं ऐकणं ही पळवाट झाली! कानाची बाजू घेऊन इतका वेळ मी भांडत होते आणि इथं मला वाटत होतं की या फाटकावर कुणीतरी तो पडदा लावावा, ती शेवटची दोन मिनिटं, बँड थांबवून.

तेव्हा 'आधी कान, मग डोळा' असा सरसकट नियम मी मांडत नाही. सिनेमाचं गाणं चित्राबरोबरच गर्भात वाढलेलं असतं. त्याला चित्रापासून तोडलं तर त्याच्यावर अन्याय होऊ शकतो, 'झिंगाट'वर झाला तसा. भावगीत, निर्गुणी भजन, ख्याल, अभंग ही एकटीच जन्मलेली असतात. त्यांना बळंच जोडीदार गाठून देणं हा वेगळा अन्याय. दोन्हीकडे विचारायचं एकच: या चित्रानं हे गाणं ऐकलंय का?

आमच्या बैठकीत दोन मुद्दे निघाले, तेही सांगते, कारण त्यातला एक मला पटला.

पहिला मुद्दा: पडदा नसेल तर तरुण येत नाहीत. हा मला पटला नाही. तरुण त्या दिवशीही मागं उभे राहून स्वतःच्या हातातला पडदा बघत होते. त्यांच्याकडे त्याहून चांगले समुद्र आहेत. उलट त्याच कार्यक्रमात लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत तीन-चार मिनिटं अंधार झाला, आणि पेटीवाल्यानं हात न थांबवता अभंग चालू ठेवला, तेव्हा सगळा मांडव पहिल्यांदा गप्प झाला. मोबाइलही खाली गेले. ही गोष्ट मी बैठकीत सांगितली तेव्हा खजिनदार म्हणाले, म्हणजे आता काय दर वर्षी लाइट घालवायची?

दुसरा मुद्दा एका तरुण सुनेनं मांडला, तोही दबकत. ती म्हणाली, "काकू, माझ्या मुलांना शब्द कळत नाहीत. घरी आम्ही मराठी बोलतो, पण शाळेत, कॉलनीत सगळं हिंदी. 'मंद वारा' कळतं, पुढचं सुटून जातं. पडद्यावर काहीतरी असलं की ती बसतात तरी." खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. ही खरी गोष्ट आहे. इंदुरात मराठी माणूस होळकरांच्या काळापासून आहे, पण आमची नातवंडं 'पाणी देऊन दे' म्हणतात आणि कवितेतल्या मराठीपुढं भांबावतात. यांच्यासाठी पडदा लागणार असेल तर लागू दे. मग त्यावर शब्दच का येऊ नयेत? काळ्या पडद्यावर, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत, गाणाऱ्याच्या ओळीबरोबर एक एक ओळ. लिपी तर मुलांना शाळेतल्या हिंदीमुळे येतेच. वाचता वाचता ऐकतील, ऐकता ऐकता विचारतील. अक्षरसुद्धा डोळ्यांनाच दिसतं, पण ते कुणाच्या मनातल्या किनाऱ्यावर दुसरा किनारा आणून ठेवत नाही.

यावर मतदान झालं नाही, आमच्याकडे होत नाही. 'बघू' असं ठरलं.

त्या रात्री मावशीला घरी सोडायला गेले तेव्हा मी तिला विचारलं होतं की तुला त्या गाण्यात काय दिसतं. तिला प्रश्नच आवडला नाही. "गाण्यात काय दिसायचं?" मग जिना चढता चढता थांबली. म्हणाली, "बादली दिसते."

"बादली?"

"आमची पितळेची. नर्मदेचं पाणी इंदुरात यायच्या आधीची गोष्ट आहे बाई. नळाला पहाटे पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. रांग लावायची. नवीन लग्न झालेलं, सासूबाई मलाच पाठवायच्या. बादली अर्धी भरली की वर चांदणं असायचं ते आत हलायचं. ते गाण्यात आहे ना, पाण्यातलं चांदणं, ते ऐकलं की मला ती बादली दिसते. तुझे काका मागून यायचे उचलायला. सासूबाईंना कळू न देता."

एवढं सांगून ती किल्ली शोधायला लागली.

यंदाच्या गणपतीच्या तयारीसाठी स्क्रीनवाल्या मुलाचा परवा फोन आला होता. 'बघू'चं काय झालं ते त्याला बहुतेक खजिनदारांनी कळवलं असावं, कारण सुरुवातच त्यानं सावधपणे केली. "काकू, भावगीतांना मागं काय लावू?"

"काही लावू नकोस. काळं ठेव. शब्द मी टाइप करून देते, तेवढे खाली येऊ दे."

"पूर्ण काळं?"

"पूर्ण."

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "ठीक आहे. पण काकू, भाडं तेवढंच लागेल हां."